आपल्या शिवाराचा पाऊस आपण मोजू, आपण लिहू

(मालेगाव तालुक्यातल्या वनगावांच्या कार्यकर्ता शिबिरात, पेरणीच्या तोंडावर, आपल्याच गावांतल्या कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांनी मिळून केलेलं भाषण. बोलले तसंच, थोडं नीट लावून देत आहोत. ग्रामसभेत मोठ्यानं वाचावं.)



आम्ही चौघं आहोत. दोन पोरी, दोन पोरं. तिघं आंध, एक पारधी. चौघांचेही मायबाप जबरानजोतधारक. दोघांच्या घरी वनहक्काचा पट्टा आला, दोघांचे दावे अजून फायलीत आहेत. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शेतीची पदवी शिकतो. संघटनेनं सांगितलं, की तुम्ही तिकडं काय शिकता ते गावाला सांगा. पण इंग्रजी नको अन् फुशारकी नको. म्हणून एकच गोष्ट सांगतो. पाऊस कधी येईल हे सांगायला आम्ही कसं शिकलो, ते. आणि सुरुवात आमच्या चुकीपासून करतो.

पहिल्या वर्षाची सुट्टी होती. आमच्यातल्या एकाच्या वडलांनी विचारलं, "बाबू, तू शेतीचंच शिकून राह्यला, तं सांग, पेरू का?" यानं टेकडीवर जाऊन, रेंज धरून, मोबाइल पाहिला. मोबाइलमध्ये पाच दिवस ढगाचं अन् थेंबांचं चित्र होतं. यानं सांगितलं, पेरा. मृगाचा एक पाऊस दणकून झाला होता. दोन एकरांत तीस-तीस किलोच्या दोन थैल्या सोयाबीन गेलं. बी उगवलं. अन् मग पाऊस जो गेला तो दोन आठवडे फिरकलाच नाही. बरड जमीन, चार बोटं ओल, कोंब जागच्या जागी करपले. दुबार पेरणीच्या थैल्या उधारीवर आणाव्या लागल्या. वडील काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

शेजारच्या आजीनं मात्र पेरलं नव्हतं. तिला विचारलं, तुम्ही काऊन थांबल्या? ती म्हणाली, "हा वळवाचा होता बाप्पा. मिरगाचा वारा अजून लागलाच नाही." तिला कळलं होतं, पण ते कागदावर मांडता येत नव्हतं. आम्हाला कागद वाचता येत होता, पण कळलं नव्हतं. ही दोन टोकं जोडायला आम्हाला तीन वर्षं लागली.

पेटी, मापी अन् काचेचा गोळा

शेतीच्या पदवीला कृषी हवामानशास्त्र हा विषय आहे. अर्धा वर्गात, अर्धा प्रत्यक्ष. प्रत्यक्ष म्हणजे वेधशाळेत. वेधशाळा म्हटल्यावर आम्हाला वाटलं मोठी इमारत असेल. बघतो तर तारेचं कुंपण घातलेला मोकळा गवताचा तुकडा. त्यात एक पांढरी, झडपांची लाकडी पेटी चार पायांवर उभी. तिचं दार उत्तरेकडं, म्हणजे उघडल्यावर आतल्या तापमापीवर ऊन पडू नये. पेटीत एक कोरडा तापमापी, एक ओल्या कापडाचा. ओल्या कापडातलं पाणी उडतं तसा तो थंड होतो, जसं मडक्यातलं पाणी थंड होतं तसं. दोघांतलं अंतर जास्त तर हवा कोरडी. अंतर कमी होत गेलं तर हवेत ओल भरत चालली.

जवळच पर्जन्यमापक, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण, अन् एक काचेचा भरीव गोळा. तो गोळा ऊन एका बिंदूत धरतो अन् मागच्या कागदी पट्टीवर जाळून रेघ काढतो. ढग आला की रेघ तुटते. संध्याकाळी रेघ मोजली की दिवसभरात किती तास ऊन होतं ते कळतं. त्यात बॅटरी नाही, मोबाइल नाही.

रोज ठरल्या वेळी नोंद घ्यायची. पाऊस सकाळी साडेआठला मोजायचा. देशभर हीच वेळ आहे, म्हणून एका गावाचा पाऊस दुसऱ्या गावाशी ताडून पाहता येतो. हे काम कंटाळवाणं आहे, साथींनो. एका पोरानं एक दिवस बुट्टी मारली अन् दुसऱ्या दिवशी आकडे मनानंच लिहिले. मास्तरांनी वही पाहिली अन् लगेच पकडलं. त्यानं दिवसाचं सर्वांत जास्त तापमान असं लिहिलं होतं, की ते त्याच दिवशीच्या दुपारच्या नोंदीपेक्षा कमी होतं. असं होऊच शकत नाही. मास्तर म्हणाले, "नोंद चुकली तर कोरी सोड. कोरी जागा खरी असते. खोट्या आकड्यानं आख्खी वही खोटी पडते."

आपल्या दाव्यांच्या कामात हे आपण अंगावर सोसलेलं आहे. एका कागदावर तारीख चुकीची पडली की सगळी फाइल संशयात. म्हणून हा धडा आम्ही विसरलो नाही.

आधी लिही, मग पाहा

दुसऱ्या टप्प्याला मास्तरांनी अंदाज करायला लावला. नियम एकच. मोबाइल पाहायच्या आधी आभाळ पाहायचं, वारा पाहायचा, कालची नोंद पाहायची, अन् उद्या सकाळी साडेआठपर्यंत पाऊस पडेल की नाही, ते वहीत लिहून सही करायची. नंतर खोडायचं नाही. दुसऱ्या दिवशी पर्जन्यमापक सांगेल कोण खरं.

मास्तरांनी आमच्याविरुद्ध एक गडी उभा केला. त्याचा अंदाज रोज एकच: "आज जसं, उद्या तसंच." आज पाऊस तर उद्या पाऊस, आज कोरडं तर उद्या कोरडं. आम्ही हसलो. महिन्याच्या शेवटी मोजलं तर त्या गड्यानं आम्हाला हरवलं होतं! कारण पाऊस लागला की काही दिवस लागून राहतो, अन् उघडीप पडली की काही दिवस पडून राहते. जो अंदाज "आज तसंच उद्या" यापेक्षा चांगला नाही, तो अंदाजच नाही. कोणी पावसाचा मोठा पंडित म्हणवून घेत असेल, तर त्याला हेच विचारा: तुझी मागच्या वर्षीची वही कुठं आहे? किती वेळा खरा ठरला अन् किती वेळा खोटा, दोन्ही दाखव.

दुसरी चूक तर फारच मजेदार झाली. हवेचा दाब मोजायचं यंत्र असतं. दाब पडला की वादळ-पाऊस जवळ, असं पुस्तकात होतं. आमच्यातल्या एकीनं सकाळी दहाला दाब पाहिला, दुपारी चारला पाहिला. उतरलेला! तिनं वसतिगृहात सगळ्यांना सांगितलं, कपडे आत घ्या. आभाळ स्वच्छ. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारला दाब उतरला, तिसऱ्या दिवशीही. मग कळलं, की आपल्या भागात हवेचा दाब समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा दिवसातून दोनदा चढतो अन् दोनदा उतरतो. सकाळी अन् रात्री दहाच्या सुमारास वर, दुपारी अन् पहाटे चारच्या सुमारास खाली. म्हणून काल चारचा दाब अन् आज चारचा दाब, असं सारख्या वेळेचंच ताडून पाहायचं. सकाळची दुपारशी तुलना केली की माणूस फसतो.

आजी खरी का ठरली

आता आजीच्या बोलण्याकडे येतो. वळवाचा पाऊस अन् मान्सूनचा पाऊस यातला फरक आम्ही वहीत मांडला, तो असा.

वळवाच्या दिवशी सकाळ स्वच्छ असते, दुपार तापते, ढग कोबीच्या गड्ड्यासारखे उंच चढतात, त्यांचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरतो. वावटळ उठते, विजा कडाडतात, तासा-दोन तासांत पाणी बदाबदा पडून मोकळं. एका शिवारात पूर, शेजारच्या शिवारात धूळ. रात्री पुन्हा चांदण्या.

मान्सून बसला की वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून दिवस-रात्र लागून राहतो. ढग खालून धावतात. दिवसाच्या अन् रात्रीच्या गरमीतलं अंतर कमी होतं. कोरड्या अन् ओल्या तापमापीतलं अंतर सकाळीही कमी, दुपारीही कमी. गडगडाट थोडा, रिपरिप फार. अन् पाऊस एका शिवारात नाही, पुऱ्या पट्ट्यात.

आजी म्हणाली "वारा लागला नाही", त्यात हे सगळं आलं. मृग नक्षत्र म्हणजे सूर्याची जागा. ते दरवर्षी 7-8 जूनला लागतंच. पाऊस मात्र पंचांग वाचून येत नाही. आपल्या भागात मान्सून साधारण जूनच्या मध्याला पोचतो, कधी आधी, कधी बराच उशिरा. म्हणून नक्षत्र सोडू नका, पण नक्षत्राबरोबर वारा पाहा.

टिटवीनं अंडी कुठं घातली, कावळ्यानं घरटं कोणत्या फांदीला बांधलं, मुंग्या अंडी घेऊन कधी निघाल्या, हेही आपली म्हातारी माणसं पाहतात. आम्ही शिकलेल्या पोरांनी त्याला हसू नये, अन् आंधळेपणानं मानूही नये. तेही वहीत तारखेसकट लिहावं. पाच वर्षांनी वहीच सांगेल, कोणती खूण टिकली अन् कोणती नाही.

बंगालचा पाऊस आपल्याकडं कसा येतो

आपला जिल्हा पाणलोटाच्या कण्यावर बसलेला आहे. काटेपूर्णेचं पाणी उत्तरेला पूर्णेत, तिथून तापीत, अन् पश्चिमेच्या समुद्रात जातं. पैनगंगेचं पाणी वर्धा नदीत, तिथून गोदावरीच्या खोऱ्यात, अन् पूर्वेच्या समुद्रात जातं. पावसाचंही तसंच. आपल्याला दोन्ही समुद्रांवर अवलंबून राहावं लागतं. पश्चिमेचा वारा ओल आणतो, पण जोराचा पाऊस बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्रानं येतो. ते ओडिशावरून, छत्तीसगडवरून सरकत मध्य प्रदेशाकडे, विदर्भाकडे येतं. अन् पावसाळ्यात त्याच्या नैर्ऋत्येच्या अंगाला सर्वांत जास्त पाऊस पडतो. म्हणून ते आपल्या डोक्यावर यायची गरज नाही. ते उत्तरेला मध्य प्रदेशावर असलं तरी आपण पाण्यात.

हे गावातून कसं ओळखायचं? हॉलंडच्या बाईज बॅलट नावाच्या माणसानं 1857 मध्ये सांगितलेला साधा नियम आहे. वाऱ्याकडं पाठ करून उभं राहा. आपल्या देशात कमी दाब तुमच्या डाव्या हाताच्या बाजूला असतो. डोंगराच्या खोऱ्यात वारा नाल्यासारखा वळतो, तिथं फसाल. म्हणून टेकडीच्या माथ्यावर उभं राहा, नाहीतर खालच्या ढगांची चाल पाहा. पश्चिमेचा वारा अंगावर असेल, पाठ पश्चिमेला, तर डावा हात उत्तरेला. म्हणजे कमी दाब उत्तरेला.

आणि एक ऐकण्याची गोष्ट. बातम्यांत सांगितलं, की मान्सूनचा आस हिमालयाच्या पायथ्याशी सरकला, तर समजा की तिकडं पूर अन् आपल्याकडं खंड. त्या दिवशी खत टाकायची घाई नको, अन् पेरणी राहिली असेल तर अजिबात नको.

सरकारी अंदाजाची भाषा

भारतीय हवामान खातं 1875 साली सुरू झालं. विदर्भाचा अंदाज नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून निघतो. शेतीचा सल्ला मंगळवारी अन् शुक्रवारी निघतो. तो खोटा नसतो, पण त्याचे शब्द नीट कळले नाहीत तर आपण फसतो. आमचं पहिल्या वर्षी तेच झालं.

"तुरळक ठिकाणी पाऊस" म्हणजे त्या भागातल्या शंभर केंद्रांपैकी जास्तीत जास्त 25 ठिकाणी. "काही ठिकाणी" म्हणजे 26 ते 50. "अनेक ठिकाणी" म्हणजे 51 ते 75. "बहुतांश ठिकाणी" म्हणजे त्याच्याही वर. तेव्हा तुरळक ऐकून पेरणी करणारा माणूस जुगार खेळतो. आमच्यातल्यानं पाच दिवसांचं थेंबाचं चित्र पाहिलं, त्याच्याखालचा "तुरळक" हा शब्द वाचलाच नव्हता.

रंग वेगळे. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे आता कृती करा. पिवळा रंग विजा-वादळासाठीही असतो. पिवळा दिसला म्हणजे पेरणीचा पाऊस आला, असं नाही.

उद्या-परवाचा अंदाज बराच भरवशाचा, पाच दिवसांपर्यंतचा कामाचा. पण महिनाभरानंतर अमुक तारखेला तुमच्या तालुक्यात पाऊस, असं कोणी व्हॉट्सॲपवर छातीठोक सांगत असेल तर ते सोडून द्या.

अन् चूक दोन प्रकारची असते, हे लक्षात ठेवा. "पडेल" म्हटलं अन् पडला नाही, तर जूनमध्ये बी जळतं. "पडणार नाही" म्हटलं अन् पडला, तर अंगणात वाळत घातलेली मोहफुलं भिजतात, ऑक्टोबरात सोयाबीनची गंजी सडते. ताडपत्री टाकायला फार कष्ट नाहीत. तिथं थोडी शंका आली तरी झाका. बियाण्याची थैली महाग. तिथं पक्की खात्री होईपर्यंत थांबा. अंदाज एकच असला तरी कामाप्रमाणं निर्णय वेगळा घ्यायचा.

75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं. पण हे आपण मोजणार कशानं? अन् खालची काळी जमीन ओल धरून ठेवते, आपल्या उताराच्या बरड, मुरमाड जमिनीत पाणी थांबत नाही. तेवढ्याच पावसावर खालच्याचं पीक तग धरतं, आपलं आठ दिवसांत माना टाकतं. म्हणून आपल्याला पाऊस किती झाला एवढंच पुरत नाही, पुढं खंड आहे का हेही पाहावं लागतं. कुदळीनं उकरून पाहा. वीतभर खाली माती ओली लागली, वारा पश्चिमेचा बसला, अन् पुढच्या पाच दिवसांत "अनेक ठिकाणी" असेल, तर पेरा. तिन्ही जुळलं नाही तर थांबा.

आपला पाऊस कोणाच्या वहीत?

आता हक्काची गोष्ट. सरकार अतिवृष्टी कशाला म्हणतं? महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तर. अन् नोंदतं कोण? मंडळाचं स्वयंचलित केंद्र. मंडळात कितीतरी गावं. केंद्र एका ठिकाणी, आपलं वनगाव कुठंतरी टोकाला, डोंगराआड. केंद्रावर थोडा भुरभुरला अन् आपल्याकडं बांध फुटला, तर कागदावर आपला पाऊस पडलेलाच नसतो.

हिशोब करून पाहा. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर 1 लिटर पाणी. एका एकरावर 4 हजार लिटरच्या वर. 65 मिलिमीटर म्हणजे एका एकरावर 2 लाख 60 हजार लिटर. उतारावरून एवढं पाणी धावलं की पिढ्यान्‌पिढ्या साठवलेली माती घेऊन जातं. अन् त्या मातीची नोंद कुठंही नाही.

2018 पासून देशात जिल्हा पातळीवर कृषी हवामान केंद्रं उभी राहत होती, तालुक्यापर्यंतचा सल्ला द्यायला. अशी 199 केंद्रं 2024 च्या सुरुवातीला बंद केली गेली. म्हणजे मोजणारा आपल्या जवळ येत होता, तो पुन्हा लांब गेला. ही केंद्रं पुन्हा सुरू करा, अन् वनगावांच्या पट्ट्यातही पावसाचं केंद्र बसवा, ही मागणी संघटनेनं घ्यावी, असं आम्ही सुचवतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नंतर कोणी म्हणू नये की पोरांनी आशा लावली. आपल्या वहीवरून सरकार उद्या पैसे देणार नाही. सरकारी नियमानं मंडळाचं केंद्रच धरलं जातं. पण आपण तोंडी "लय पाऊस झाला साहेब" म्हणतो, तेव्हा साहेब म्हणतो, "नोंद नाही." त्याच्यापुढं ग्रामसभेची वही ठेवली, तारीख, वेळ, आकडा, दोन सह्या, बाजूला फुटलेल्या बांधाचा फोटो, तर पंचनाम्याला माणूस पाठवा ही मागणी जोरात करता येते. वनहक्काच्या दाव्यात म्हाताऱ्यांचा लेखी जबाब, जुनी विहीर, जुना बांध हे पुरावे धरले जातात, हे आपण लढून शिकलो. त्याआधी आपल्याला कोणी सांगितलं होतं का, की बांध पुरावा असतो? लिहिलेलं टिकतं, साथींनो. बोललेलं वाऱ्यावर जातं.

वीज: याला थांबायला वेळ नाही

विजेनं मरतात ते कोण? ढोरं राखणारे, निंदणाऱ्या बाया, झाडाखाली थांबलेली लेकरं. आपणच. म्हणून हे पाठ करा अन् शाळेतल्या लेकरांना शिकवा.

वीज चमकली की मोजायला लागा: एक, दोन, तीन. आवाज येईपर्यंतचे सेकंद. तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत, काम सोडा. पक्क्या घरात जा. एकट्या झाडाखाली नाही, तारेच्या कुंपणाजवळ नाही, पाण्यात नाही. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. रानात अडकलात, जवळ घर नाही, तर सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका, एकमेकांपासून लांब बसा. ढोरंही झाडाखाली गोळा होऊ देऊ नका.

वीज पडलेल्या माणसाला हात लावला की आपल्यालाही झटका बसतो, हे खोटं आहे. त्याच्या अंगात वीज राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला लागा अन् दवाखान्यात न्या. शेणात पुरून, चिखलात ठेवून वेळ घालवू नका. मोबाइलवर 'दामिनी' नावाचं ॲप आहे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं. जवळपासच्या विजेची सूचना देतं. पण रेंज नसली तर डोळे, कान अन् तीन सेकंदांचा नियम, हेच आपलं ॲप.

आता काय करायचं

एक. दर गावात एक पर्जन्यमापक. उभ्या बाजूचा, सपाट बुडाचा पत्र्याचा डबा चालतो. आत फूटपट्टी उभी धरून मिलिमीटर वाचा. थंड पेयाची दोन लिटरची सरळ बाटली असेल तर वरचं तोंड कापून उलटं बसवा, बुडात खडे टाका, खड्यांच्या वर पाणी भरून तिथं शून्याची रेघ मारा. उघड्यावर ठेवा. झाड किंवा घर जेवढं उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब. तोंड जमिनीपासून फूटभर वर, म्हणजे चिखल उडणार नाही. वाऱ्यानं पडू नये म्हणून दगडांत बसवा.

दोन. रोज सकाळी साडेआठला वाचून रिकामा करा, बाटलीत पाणी पुन्हा शून्याच्या रेघेपर्यंत ठेवा. वहीत चार खाने: तारीख, पाऊस, वारा कुठून, सही. पाऊस नसला तर 0 लिहा. वाचायचं राहिलं तर कोरं सोडा. मनानं लिहायचं नाही.

तीन. हे काम एकाच पोरावर टाकू नका. एक बाई, एक पोरगं, अशी जोडी. बाया पहाटेपासून आभाळ पाहतातच, फक्त पेन्सिल त्यांच्या हातात द्या.

चार. वहीत आजीचा अंदाजही लिहा, सरकारी अंदाजही लिहा, अन् काय झालं तेही लिहा. वर्षाच्या शेवटी ग्रामसभेत वाचा. कोणाला हिणवायला नाही, शिकायला.

पाच. 65 च्या वर गेलं, किंवा बांध फुटला, तर त्याच दिवशी ग्रामसभेनं लेखी अर्ज करून तलाठ्याकडून पोच घ्यावी. पट्टा असेल तर पट्ट्याची नक्कल, दावा बाकी असेल तर दाव्याची पोच जोडावी. पिकाचा विमा काढला असेल तर त्या वर्षीचे विम्याचे नियम विचारून घ्या, हे विसरू नका.

आम्ही चौघं सुट्टीत गावोगावी येऊ, डबे बसवून देऊ, वाचायला शिकवू. आमच्या राहण्या-जेवणाची काळजी करू नका, भाकर तुमच्यासोबत खाऊ. आमच्यातल्या ज्याच्या घरी पेरणी जळली होती, त्याच्या वडलांनी या वर्षी सगळ्यांत आधी अंगणात डबा ठेवला. त्यांना लिहिता येत नाही. ते आकडा मनात ठेवतात अन् शाळेत जाणाऱ्या नातीकडून वहीत लिहून घेतात. परवा फोनवर म्हणाले, "बाबू, काल सतरा झाला. अजून थांबतो."

जमीन कसली आपण, पण सातबाऱ्यावर नाव नव्हतं. पाऊस झेलला आपण, पण वहीत आकडा नाही. पहिल्यासाठी लढतो आहोत. दुसऱ्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. डबा ठेवा, पेन्सिल घ्या, उद्या सकाळी साडेआठपासून सुरुवात करा.

जोहार. जल, जंगल, जमीन आमची!